पहिला हप्ता तिनं का भरायचा?



आज जरा कडू लिहिणार आहे. क्षमावाणीला अजून अवकाश आहे, तेव्हा कुणाला राग आलाच तर तो निवळायला वेळ भरपूर आहे.

विषय आहे आपल्यातल्या त्या बाईचा, जी पोस्टाची आरडी, विमा, म्युच्युअल फंड यांचं काम करते. तिला आपण ‘एजंटबाई’ म्हणतो. महिला मंडळात ती शेजारी येऊन बसली की आपण विषय बदलतो. मार्च महिन्यात तिचा फोन उचलत नाही. आणि घरावर प्रसंग आला, कर्ता माणूस गेला, की प्लास्टिकच्या पिशवीत कोंबलेले सगळे कागद घेऊन तिच्याच दारात उभ्या राहतो. तेव्हा ती ‘ताई’ होते.

मुलींच्या स्थळांच्या माहितीपत्रकातही हेच. मुलगी बँकेत क्लार्क असेल तर ते ठळक अक्षरात. स्वतःच्या हिमतीवर दोनशे घरांची गुंतवणूक सांभाळत असेल तर ‘घरबसल्या थोडंफार काम करते’. माझ्या पाहण्यात एका मुलीच्या आईनं तर तेवढंही लिहू दिलं नाही. म्हणाली, मुलाकडचे विचारतील, पॉलिसी विकते का म्हणून!

मी स्वतः बी.कॉम. आहे. आयुष्य घरात गेलं आणि त्याची मला खंत नाही. पण जमाखर्च मला वाचता येतो, आणि त्या नजरेनं पाहते तेव्हा स्पष्ट दिसतं की पैशाचा सल्ला देणं हा बाईसाठी उत्तम, मानाचा, आयुष्यभर पुरणारा व्यवसाय आहे. तरीही आपल्यातल्या दहाजणी तो सुरू करतात आणि पाच वर्षांनी त्यातली एखादी उरते. बाजार पडला म्हणून किंवा नियम कडक म्हणून बाकीच्या गळत नाहीत. त्यांना गाळतो आपण. नवरा तिचं नाव वापरतो, कंपनी तिची नातीगोती वापरते, आणि आपण मैत्रिणी तिची कमाई परत मागतो.

कोड तिचा, धंदा त्याचा

नवऱ्यांपासून सुरुवात करते. १९७२ साली सरकारनं महिला प्रधान क्षेत्रीय बचत योजना आणली. पोस्टाच्या पाच वर्षांच्या आरडीचे पैसे घरोघरून गोळा करून पोस्टात भरायचे, त्यासाठी प्रतिनिधी नेमायचे, आणि ते फक्त बायकांनाच नेमायचे, असा तिचा नियम. कमिशन चार टक्के. २०११ च्या अखेरीला सरकारनं पीपीएफवरचं आणि ज्येष्ठ नागरिक योजनेवरचं एजंटांचं कमिशन बंद केलं, पण या बायकांच्या चार टक्क्यांना हात लावला नाही. हिशेब सोपा आहे. महिन्याला पाच लाख गोळा करणाऱ्या बाईला महिन्याला वीस हजार मिळतात. तालुक्याच्या गावी हे कमी नाही.

आता कुठल्याही पोस्टात आरडीच्या खिडकीसमोर जाऊन उभ्या राहा. किती ठिकाणी यादी घेऊन पुरुष उभा असतो ते मोजा. नियमानं काम बाईलाच मिळतं म्हणून परवाना बायकोच्या नावावर काढायचा, गिऱ्हाईक त्यानं जोडायचं, पैसे त्यानं गोळा करायचे, आणि बायकोनं कणकेचे हात पुसून जिथं बोट दाखवलं तिथं सही करायची. विम्याच्या एजन्सीतही हेच चालतं. नवरा नोकरीत असतो, त्याला एजन्सी घेता येत नाही, मग ‘मिसेसच्या नावानं’ काम सुरू होतं. भिंतीवर लावायच्या कॅलेंडरवर तिचं नाव, खाली मोबाईल नंबर त्याचा.

यात बिघडलं काय, पैसा घरातच येतो ना, असं तुम्ही म्हणाल. बिघडतं ते ऐका. कमिशन तिच्या पॅनवर जमा होतं, म्हणून आयकराचं पत्र तिच्या नावानं येतं. एखाद्या खातेदाराचे गोळा केलेले पैसे वेळेवर भरले गेले नाहीत, तर जाब तिला विचारतात, कारण सही तिची. पत तिची पणाला लागते आणि कौशल्य मात्र त्याच्याकडे साठतं. उद्या तो नसला तर पंचवीस वर्षांचा परवाना नावावर असूनही तिला एका खातेदाराचं नाव माहीत नसतं. आमच्या नात्यात असं घडलेलं आहे. नवरा गेल्यावर महिन्याभरात तिची सगळी खाती दुसऱ्या एजंटकडे गेली. तिच्याकडे काय राहिलं? शिक्का.

सगळीकडे असंच आहे असं मी म्हणत नाही. आयुष्यभर पायी फिरून, एक पैशाची चूक न करता हे काम करणाऱ्या बायका मी पाहिल्या आहेत. त्यांच्या आरडीवर अनेक घरांतल्या मुलींची लग्नं झाली. म्हणूनच सांगते, परवाना तुमच्या नावावर असेल तर काम तुम्ही करा. नवऱ्यानं मदत जरूर करावी, दुकानात आपण त्यांना करतो तशी. पण गल्ला कुणाचा हे दोघांना ठाऊक हवं. आणि न वाचता सही करणं आजपासून बंद.

यादी तिची, पीक कंपनीचं

दुसरा नंबर कंपन्यांचा. नवीन मुलगी विम्याच्या किंवा गुंतवणुकीच्या कामाला लागली की पहिल्याच आठवड्यात तिला एक वही देतात आणि सांगतात, ओळखीच्या शंभर माणसांची नावं लिही. मामा, मावशी, शाळेतल्या मैत्रिणी, पाठशाळेच्या ताई, सगळे त्या वहीत. मग साहेब मागे लागतात. वर्षभरात त्या शंभरातल्या तीस-चाळीस जणांना तिच्या भिडेखातर काहीतरी घ्यावं लागतं. ते ‘काहीतरी’ त्यांना हवं होतं का, परवडत होतं का, हे कुणी पाहत नाही. वही संपते, तसं तिचं कामही संपतं. कंपनीला चाळीस गिऱ्हाइकं मिळाली आणि तिला चाळीस नातेवाईकांची नाराजी.

हे करिअर नाही, मैत्रिणींनो. हे म्हणजे दुसऱ्यानं आपल्या परसातलं आंब्याचं झाड झोडपून नेणं.

बचत आणि विमा एकत्र असलेल्या पारंपरिक पॉलिसीत पहिल्या वर्षीच्या हप्त्यातला मोठा हिस्सा, चौथ्या भागापर्यंत किंवा त्याहूनही जास्त, कमिशनमध्ये जातो. निव्वळ मुदत विमा, म्हणजे टर्म इन्शुरन्स, याचा हप्ताच लहान, त्यामुळे कमिशनही लहान. आता पस्तीस वर्षांच्या, दोन लेकरांच्या बापाला काय घ्यायला सांगायचं? त्याच्या घराला गरज आहे ती मोठ्या रकमेच्या मुदत विम्याची. एजंटच्या पोटाला बरी असते ती दुसरी. इथंच कळतं की समोरची बाई सल्लागार आहे की विक्रेती.

एलआयसीनं ९ डिसेंबर २०२४ ला विमा सखी योजना सुरू केली. दहावी पास, १८ ते ७० वर्षं वयाची कुठलीही बाई त्यात जाऊ शकते. सत्तर! म्हणजे आपल्या मंडळातल्या बहुतेक सगळ्या बसतात. पहिल्या वर्षी महिना ७,०००, दुसऱ्या वर्षी ६,०००, तिसऱ्या वर्षी ५,००० रुपये विद्यावेतन, म्हणजे तीन वर्षांत २ लाख १६ हजार, आणि कमिशन वेगळं. पण त्यातली एक अट नीट वाचा. पहिल्या वर्षी काढलेल्या पॉलिसींपैकी किमान ६५ टक्के चालू राहिल्या तरच दुसऱ्या वर्षीचं विद्यावेतन मिळतं. ही अट मला फार आवडली. भिडेखातर गळ्यात मारलेली पॉलिसी दुसऱ्या हप्त्याला बंद पडते. गरज पाहून दिलेली चालू राहते. म्हणजे नीट काम केलं तरच पैसे, हे कागदावरच लिहिलेलं आहे.

आता आपली पाळी

नवऱ्यांना आणि कंपन्यांना बोलले तेव्हा तुम्ही माना डोलावल्या असतील. आता आपल्याबद्दल.

“घेते गं पॉलिसी तुझ्याकडून, पण पहिला हप्ता तू भरायचा हं!” हे वाक्य आपल्यापैकी किती जणींनी म्हटलं आहे किंवा घरात ऐकलं आहे? व्यापारी समाज आपला. घासाघीस रक्तात आहे. भाजीवाल्याकडून कढीपत्ता आणि एजंटकडून कमिशन, दोन्ही हक्कानं मागायचं. पण कढीपत्ता मागणं गुन्हा नाही. विमा कायदा १९३८ सालचा आहे, आणि त्याच्या ४१ व्या कलमानं पॉलिसी घ्यायला प्रलोभन म्हणून कमिशनातला वाटा देण्याला बंदी आहे. देणाऱ्यानं द्यायचा नाही आणि घेणाऱ्यानं घ्यायचाही नाही. दंड दहा लाखांपर्यंत होऊ शकतो. म्युच्युअल फंडाच्या वितरकालाही कमिशन वाटून देण्याची मनाई आहे.

कायदा क्षणभर बाजूला ठेवा. व्यवहार पाहा. जी बाई तुमच्यासाठी पहिला हप्ता भरते, तिचं त्या पॉलिसीतलं वर्षभराचं उत्पन्न संपलं. ते भरून काढायला तिला पुढच्या घरी जास्त कमिशनचीच पॉलिसी खपवावी लागते. ते पुढचं घर तुमच्या नणंदेचं असतं. आणि जी नवी, प्रामाणिक मुलगी हप्ता भरायला नाही म्हणते, तिला आपण ‘शिष्ट’ ठरवून दुसऱ्या एजंटकडे जातो. चांगली मुलगी या धंद्यातून हाकलायला एवढं पुरतं.

दुसरी सवय फुकट विचारायची. ब्लाऊज शिवणारीला शिलाई देतो. मेंदीवालीला देतो, पार्लरवालीला देतो. आणि आपल्या घराची वीस वर्षांची बचत कुठं ठेवावी हे जी अभ्यास करून सांगते, तिला चहा देतो. “तुझं काय जातंय सांगायला?” तिचा वेळ जातो, अभ्यास जातो, आणि चुकलं तर नाव जातं.

तुम्ही फी दिली नाहीत म्हणून सल्ला फुकट होत नाही, हे वाणिज्य शाखेच्या पहिल्या वर्षाच्या मुलीलाही कळतं. तुम्ही देत नसाल तर दुसरं कुणीतरी देतं. मग ती ज्याचे पैसे घेते त्याचं हित आधी बघते. यात आश्चर्य कसलं?

रस्ते तीन, आणि घरच्यांची सबुरी

ज्या मुलींना, सुनांना, आणि हो, पन्नाशीच्या बायकांनाही या कामात यायचं आहे, त्यांनी रस्ते नीट समजून घ्यावेत.

पहिला विमा प्रतिनिधीचा. दहावी पुरते, २५ तासांचं प्रशिक्षण आणि एक परीक्षा. कमिशन विमा कंपनी देते.

दुसरा म्युच्युअल फंड वितरकाचा. त्यासाठी एनआयएसएम या संस्थेची पाच-अ क्रमांकाची परीक्षा असते. ही संस्था आपल्याच रायगड जिल्ह्यात पाताळगंगेला आहे. शंभर गुणांचा पेपर, दोन तास, ५० गुणांना पास, चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, आणि मराठीतूनही देता येतो. फी दीड-पावणेदोन हजार रुपये. प्रमाणपत्र तीन वर्षं चालतं. पास झाल्यावर एआरएन हा नोंदणी क्रमांक मिळतो. इथंही मोबदला फंड कंपनीच देते, पण विकल्याबरोबर मोठी रक्कम हातात पडत नाही. सेबीनं २०१८ पासून ती पद्धत बंद केली. गिऱ्हाइकाचे पैसे जोवर फंडात आहेत तोवर दरवर्षी थोडंथोडं मिळत राहतं.

तिसरा रस्ता खऱ्या अर्थानं सल्लागाराचा. सेबीचे त्यासाठीचे नियम २०१३ साली आले. हा सल्लागार गिऱ्हाइकाकडून फी घेतो, आणि ज्याच्याकडून फी घेतली त्याच्या गुंतवणुकीवर कमिशन घेऊ शकत नाही. पूर्वी यासाठी पदव्युत्तर पदवी आणि अनुभव लागायचा. डिसेंबर २०२४ मध्ये सेबीनं अटी बऱ्याच सैल केल्या. अनुभवाची अट गेली, बी.कॉम. झालेली मुलगी आता पात्र आहे, अर्धवेळ काम करायलाही मुभा आहे. दीडशे ग्राहकांपर्यंत एक लाखाची ठेव दाखवावी लागते. दोन परीक्षा मात्र कठीण आहेत. ६० टक्के गुण लागतात आणि चुकलं की गुण कापले जातात.

एक लक्षात ठेवा. सेबीकडे नोंदणी नसलेल्या वितरकानं स्वतःला गुंतवणूक सल्लागार म्हणवायचं नाही, असा नियम आहे. म्हणून कार्डावर काय छापलंय ते वाचा आणि नोंदणी क्रमांक विचारा. खऱ्या बाईला त्याचा राग येत नाही. उलट तिला बरं वाटतं.

आता पैशाचं गणित मांडते, कारण खरी मेख इथं आहे. समजा एखादीनं शंभर घरं जोडली आणि प्रत्येक घराची महिना पाच हजारांची एसआयपी सुरू केली. म्हणजे महिन्याला पाच लाख. वितरकाला वर्षाला साधारण ०.८ टक्के मिळतात असं धरू. फंडाप्रमाणे कमी-जास्त असतं. पहिल्या वर्षी रक्कम हळूहळू साठते, त्यामुळे वर्षभरात हाती येतात साधारण २६ हजार. महिन्याला दोन हजारांच्या थोडं वर. कामवाली बाई याहून जास्त मिळवते. पण पाच वर्षं ती टिकली, कुणी पैसे काढले नाहीत, तर जमा रक्कम तीन कोटी होते आणि वर्षाचं उत्पन्न २ लाख ४० हजार. दहा वर्षांनी सहा कोटी, म्हणजे वर्षाला ४ लाख ८० हजार, महिना ४० हजार. यात बाजाराची वाढ धरलेली नाही आणि नवी घरंही धरलेली नाहीत. बाजार खाली गेला किंवा लोकांनी पैसे काढले तर हा आकडा खालीही येतो, हेही सांगून ठेवते.

म्हणजे हा धंदा नारळाच्या झाडासारखा आहे. पहिली पाच-सहा वर्षं नुसतं पाणी घालायचं.

आता मला सांगा, आपल्या घरात मुलगा दुकान टाकतो तेव्हा काय होतं? वडील पागडी भरतात, मामा माल उधार देतो, पहिली तीन वर्षं दुकान तोट्यात असतं आणि सगळे म्हणतात, “जम बसायला वेळ लागतोच.” सुनेनं हे काम सुरू केलं तर सहाव्या महिन्यात विचारतात, “काय मिळतं गं तुला यात? पेट्रोलचे तरी सुटतात का?” तिनं भांडवल मागितलेलं नसतं. तिला सबुरी हवी असते, आणि दुपारचे तीन तास. तेवढंही आपण तिला देत नाही. मग ती घाबरते, महिन्याला काहीतरी दिसावं म्हणून जास्त कमिशनच्या मालाकडे वळते, आणि आपण म्हणतो, “बघा, शेवटी एजंटच!”

तिची गरज आपल्याला का आहे

बाई म्हणजे प्रामाणिकच असेल, असं मी मुळीच मानत नाही. ‘महिन्याला दहा टक्के’वाल्या योजना महिला मंडळांत बायकांनीच आणलेल्या मी पाहिल्या आहेत. भिशीचे पैसे घेऊन गाव सोडणाऱ्याही बायकाच होत्या. तेव्हा बाई आहे म्हणून डोळे मिटून पैसे देऊ नका.

तिची गरज वेगळ्या कारणासाठी आहे. आपल्या घरांत पैशाची बोलणी पुरुषांच्या बैठकीत होतात. पुरुष सल्लागार घरी येतो तेव्हा आपण चहा ठेवायला आत जातो. बाहेर येईतो फॉर्म भरून झालेला असतो. बाईसमोर बाई बसली की ती आत जात नाही. नवऱ्यावर कर्ज किती आहे हे आपल्याला माहीत नाही, लॉकरची किल्ली धाकट्या दिराकडे आहे, माहेरहून आलेले पैसे कुणाच्या नावावर टाकले ते विचारायची हिंमत झाली नाही, या गोष्टी ती बाईलाच सांगते. आणि सल्ला या गोष्टींपासून सुरू होतो, कुठल्या फंडापासून नाही.

किती घरांत मी पाहिलं आहे की नॉमिनी म्हणून अजून सासूबाईंचं नाव आहे, ज्यांना जाऊन दहा वर्षं झाली. नॉमिनी म्हणजे पैसे ताब्यात घेणारा, तो मालक असेलच असं नाही, हेही अनेकींना ठाऊक नसतं. बँकेत दहा वर्षं कुणी हात न लावलेली ठेव रिझर्व्ह बँकेच्या निधीत जमा होते. ती परत मागता येते, आणि शोधायला २०२३ पासून ‘उद्गम’ नावाचं संकेतस्थळही आहे. पण शोधणार कोण? जिला ठेव होती हेच माहीत नाही, ती? विधवा बायकांनी शिकावं, स्वतःच्या पायावर उभं राहावं म्हणून मगनबाईंनी श्राविकाश्रम काढला त्याला शंभर वर्षं उलटली, आणि आपण अजून पतीच्या निधनानंतर कपाटातल्या पावत्या कुणाला तरी वाचून दाखवायला सांगतो आहोत.

सेबीलाही हे उमगलेलं दिसतं. प्रथमच गुंतवणूक करणारी महिला जोडून आणणाऱ्या वितरकाला जादा मोबदला, दोन हजार रुपयांच्या मर्यादेत, द्यायचं तिनं २०२५ मध्ये जाहीर केलं. म्हणजे आपण या बाजारात नाही आहोत, हे तिथपर्यंत पोहोचलं आहे.

धर्माचं एकच बोलते, कारण ते इथं नेमकं लागू पडतं. पाठशाळेत आपण सत्याणुव्रताचे पाच अतिचार पाठ केले. मिथ्योपदेश, म्हणजे चुकीच्या वाटेला लावणारा उपदेश. कुणाचं गुपित उघड करणं. कूटलेख, म्हणजे खोटं लिहिणं. न्यासापहार, म्हणजे ठेवीचा अपहार. आणि हावभावावरून ताडलेलं दुसऱ्याचं मन चव्हाट्यावर मांडणं. आता गुंतवणूक सल्लागारानं काय करू नये याची यादी करायला बसा. चुकीचा सल्ला देऊ नये, गिऱ्हाइकाची माहिती फोडू नये, फॉर्मवर खोटं भरू नये, कुणाच्या पैशाला हात लावू नये. वेगळं काय निघालं? ज्या मुलीनं लहानपणी हे पाठ केलं आणि मोठेपणी पाळलं, तिला या कामाची नीती कुणी नव्यानं शिकवायला नको. आणि कमिशन परत मागून तिला ती मोडायला लावणारी श्राविका कुठल्या व्रतात बसते, याचा विचार तिनं सामायिकाला बसल्यावर करावा.

“बाईला जमेल का हे?”

हा प्रश्न अजून विचारतात म्हणून लिहिते. सातारा जिल्ह्यात म्हसवडला चेतना सिन्हांनी बायकांची बँक काढायचं ठरवलं, तेव्हा बायका निरक्षर आहेत म्हणून परवान्याचा अर्ज फेटाळला गेला. त्या बायका काही महिन्यांत लिहायला शिकल्या, पुन्हा रिझर्व्ह बँकेत गेल्या, आणि व्याजाचा हिशेब तोंडी करून दाखवायची तयारी दाखवली. १९९७ साली माणदेशी महिला बँक सुरू झाली. मुंबई शेअर बाजाराच्या अध्यक्षपदाची जबाबदारी २००१ साली दीना मेहतांनी घेतली. सेबीच्या अध्यक्षपदी २०२२ मध्ये प्रथमच एक महिला आली. जमेल का हा प्रश्न केव्हाच निकालात निघाला. आपण जमू देणार आहोत का, एवढाच शिल्लक आहे.

“परक्या पुरुषांकडे जावं लागेल,” असंही म्हणतात. जाऊ दे की. पुरुष शिंप्याकडे माप द्यायला आपण जातोच ना? आणि शंभर घरं जोडायला तिला फार लांब जायला नको. आपल्या एका मंडळात दीडशे बायका आहेत.

“वय झालं आता,” असं म्हणणाऱ्यांना एवढंच सांगते, या कामात पांढरे केस उपयोगी पडतात. दोन मुलांची शिक्षणं, सासऱ्यांचं आजारपण, घराचं कर्ज, लेकीचं लग्न हे सगळं ज्या बाईनं एका पगारात निभावलं, तिला रोकड केव्हा लागते आणि किती लागते हे पुस्तकातून शिकावं लागत नाही. पुस्तकातून शिकायचं ते नियम, करआकारणी आणि फंडांचे प्रकार. त्याला सहा महिने नीट बसा.

आता मंडळाच्या पुढच्या बैठकीत मी काही गोष्टी मांडणार आहे. तुमच्या गावीही मांडा. पॉलिसी घेताना कमिशनातला एक रुपयाही परत मागायचा नाही आणि कुणी देऊ केला तर घ्यायचा नाही. आपल्यातल्या एखादीचा सल्ला घेतला तर तिला विचारायचं, तुझी फी काय, किंवा तुला यात कंपनीकडून काय मिळतं, आणि तिनं स्पष्ट सांगायचं. नोंदणी क्रमांक पाहिल्याशिवाय चेक द्यायचा नाही, मग ती सख्खी भाची का असेना. वर्षातून एकदा हळदीकुंकवाला वाण म्हणून स्टीलची वाटी देण्याऐवजी अशा एखाद्या मुलीला मानधन देऊन बोलवायचं आणि सगळ्यांनी आपापले नॉमिनी तपासून यायचं. आणि लेकीच्या माहितीपत्रकात ‘थोडंफार काम करते’ असं न लिहिता ती जे करते ते लिहायचं: म्युच्युअल फंड वितरक, विमा प्रतिनिधी, सेबी नोंदणीकृत गुंतवणूक सल्लागार. जे असेल ते, पूर्ण नावानिशी.

ज्यांना हे पटलं नाही त्यांनी भांडायला जरूर यावं. चहा माझा. फक्त हातात आपल्या घरातल्या पॉलिसींची यादी घेऊन या, कुणाच्या नावावर किती आणि नॉमिनी कोण ते लिहिलेली. यादी करता आली नाही, तर आपलं भांडण तिथंच मिटलं असं समजा.

जय जिनेंद्र.